संगणकांची इर्जिक आणि प्रथिनांचे अंतरंग

आपले महाविद्यालय कला महाविद्यालय आहे. येथे प्रयोगशाळा नाही, परीक्षानळ्या नाहीत, सूक्ष्मदर्शकही नाही. त्यामुळे आपल्या वार्षिक अंकात कविता, कथा, प्रवासवर्णने आणि संतसाहित्यावरील लेख भरपूर येतात, विज्ञानावरील लेख मात्र क्वचितच. मी द्वितीय वर्ष बी.ए.ची, इतिहास विषयाची विद्यार्थिनी आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. दहावीनंतर विज्ञानाची वाट सुटली, ती आवड नव्हती म्हणून नव्हे. विज्ञान शाखा दूरच्या गावी होती आणि रोजच्या एस.टी.चा खर्च घरच्यांना झेपणारा नव्हता. जे शिकता आले नाही ते निदान समजून घ्यावे, या हेतूने वर्षभर ग्रंथालयात आणि संगणक कक्षात बसून जे वाचले, त्यातील एक विषय आज वाचकांपुढे ठेवीत आहे. विषय असा : डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या प्रथिनाच्या रेणूची आकृती शास्त्रज्ञ कशी शोधून काढतात, आणि त्या कामात शेकडो संगणक एकत्र जोडून काय साधते?

आकृती कशासाठी?

प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ, अंडी आणि दूध आठवते. परंतु शरीरातील जवळजवळ प्रत्येक काम कोणते ना कोणते प्रथिन करीत असते. रक्तातील प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन प्रथिनच, साखरेवर नियंत्रण ठेवणारे इन्सुलिन प्रथिनच, पाचक रसांतील अन्न पचविणारी विकरेही प्रथिनेच. प्रत्येक प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब साखळी असते. ही साखळी विशिष्ट प्रकारे दुमडली जाते आणि त्या घडणीवरच तिचे काम अवलंबून असते. कुलपाला किल्ली बसते ती किल्लीच्या दात्यांमुळे, तसेच हे.

ही गोष्ट आपल्या राज्यापासून दूरची नाही. नंदुरबार, गडचिरोली या जिल्ह्यांतील आदिवासी बांधवांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. या आजारात हिमोग्लोबिनच्या एका साखळीतील सहाव्या जागेवर एका अमिनो आम्लाऐवजी दुसरे येते. एवढ्या एका बदलामुळे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोर तयार होतात आणि गोल रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी होते. चिकटण्याची ती जागा कोठे आहे हे समजण्यासाठी आकृतीच हवी. औषधांचेही तसेच आहे. एड्सच्या विषाणूतील एका महत्त्वाच्या प्रथिनाची आकृती १९८९ मध्ये मिळाली आणि त्या प्रथिनाला अडविणारे पहिले औषध १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. आकृती हाती असली म्हणजे औषध शोधणाऱ्याला अंधारात चाचपडावे लागत नाही.

हरवलेली कला

रेणू इतका लहान असतो की साध्या प्रकाशाने तो दिसू शकत नाही. त्यासाठी क्ष-किरण लागतात. परंतु एकट्या रेणूवरून विखुरलेले किरण फार क्षीण असतात. म्हणून आधी प्रथिनाचा स्फटिक बनवितात. स्फटिकात एकाच प्रकारचे असंख्य रेणू, कवायतीला उभ्या असलेल्या मुलांप्रमाणे, सारख्या अंतरावर आणि सारख्या दिशेने रांगेत उभे असतात. त्यावर क्ष-किरण सोडले की पलीकडे ठिपक्यांची एक नक्षी उमटते. स्फटिक क्ष-किरणांना असे विखुरतात हे माक्स फॉन लाउए यांच्या पुढाकाराने १९१२ मध्ये सिद्ध झाले. त्या नक्षीवरून अणूंची मांडणी कशी वाचावी हे ब्रॅग पितापुत्रांनी दाखविले आणि १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळविले. त्या वेळी मुलगा लॉरेन्स अवघा २५ वर्षांचा होता. प्रथिनाच्या स्फटिकाची पहिली चांगली नक्षी १९३४ मध्ये बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट (पुढे हॉजकिन) यांनी केंब्रिज येथे मिळविली.

नक्षी मिळाली, मग आकृती लगेच का मिळत नाही? येथेच खरी अडचण आहे. क्ष-किरण ही लाट आहे. लाटेच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या : ती किती मोठी आहे, आणि तिचा चढ नेमका केव्हा येतो. ठिपक्याच्या तेजस्वीपणावरून लाट किती मोठी ते कळते. चढ केव्हा आला हे मात्र कोठेच नोंदले जात नाही. एखादे ढोलपथक वाजत असताना प्रत्येक ढोलाचा ठोका किती जोरात पडला एवढेच आपण टिपून घेतले आणि कोणता ठोका कोणत्या क्षणी पडला हे टिपले नाही, तर त्या वहीवरून ताल पुन्हा वाजविता येईल काय? तसाच हा प्रश्न आहे. लाटेच्या या दुसऱ्या गुणाला शास्त्रीय मराठीत 'कला' म्हणतात; चंद्राची कला म्हणतो तोच हा शब्द. कला शाखेच्या विद्यार्थिनीला विज्ञानाच्या ऐन गाभ्यात हरवलेली कला भेटावी, याची मला मोठी गंमत वाटली.

ही हरवलेली कला परत मिळविण्याचा पहिला मार्ग केंब्रिजच्या मॅक्स पेरुट्झ यांनी दाखविला. त्यांनी १९३७ मध्ये हिमोग्लोबिन हाती घेतले. १९५३ मध्ये त्यांनी हिमोग्लोबिनला पाऱ्याचे जड अणू जोडले; जड अणूंमुळे ठिपक्यांचे तेज जेवढे बदलले तेवढ्यावरून कला काढता येते हे सिद्ध केले. हिमोग्लोबिनची पहिली ढोबळ आकृती प्रसिद्ध झाली ती १९६० मध्ये. एका रेणूसाठी एका माणसाने आयुष्याची २० हून अधिक वर्षे दिली. त्यांचे सहकारी जॉन केंड्र्यू यांनी त्याआधी दोन वर्षे मायोग्लोबिन या लहान प्रथिनाची आकृती मिळविली होती. १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघांना मिळाले.

पट्ट्यांपासून संगणकापर्यंत

कला मिळाली तरी पुढे आकडेमोडीचा डोंगर असतो. हजारो लाटांची बेरीज करून स्फटिकातील प्रत्येक बिंदूवर इलेक्ट्रॉनांची घनता किती, असा नकाशा काढावा लागतो. संगणक नसताना बीव्हर्स आणि लिप्सन यांनी तयार केलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या वापरीत. लाकडी पेटीत ओळीने लावलेल्या पट्ट्यांवर आकडे छापलेले असत. हव्या त्या पट्ट्या काढायच्या, आकडे खाली मांडायचे, बेरीज करायची आणि पट्ट्या पुन्हा जागच्या जागी ठेवायच्या. लहान रेणूंना हे पुरत असे. प्रथिनाला ते कसे पुरणार? मायोग्लोबिनच्या ढोबळ आकृतीला सुमारे ४०० ठिपके पुरले, पण बारीक तपशिलाच्या आकृतीला सुमारे १०,००० लागले. केंब्रिजचा एडसॅक हा जगातील आरंभीच्या संगणकांपैकी एक. केंड्र्यू यांनी तो या आकडेमोडीला जुंपला. अशा रीतीने प्रथिनांचे शास्त्र आणि संगणक ही दोन भावंडे जवळजवळ एकत्रच वाढली.

पुढे एक सोपी वाट निघाली. १९६२ मध्ये रॉसमन आणि ब्लो यांनी अशी कल्पना मांडली की, आपल्या प्रथिनासारखे दुसरे प्रथिन आधी माहीत असेल, तर त्याची आकृती उसनी घेऊन आपल्या स्फटिकात फिरवून, सरकवून बसवावी आणि तिच्यावरून कला काढावी. १९७१ मध्ये प्रथिनांच्या आकृत्यांची एक जागतिक पेढी सुरू झाली तेव्हा तिच्यात फक्त ७ आकृत्या होत्या. २०२३ मध्ये त्या २ लाखांवर गेल्या. पेढी वाढली तशी उसनवारी सोपी झाली. परंतु ज्या प्रथिनाला कोणी नातेवाईकच नाही, ज्याला जड अणूही नीट चिकटत नाहीत, त्याने काय करावे? अशी प्रथिने वर्षानुवर्षे शास्त्रज्ञांच्या कपाटात पडून राहत. नक्षी आहे, आकृती नाही.

भाज्यांचा चेहरा

या कठीण प्रश्नावरील एक उत्तर बार्सिलोना येथील इसाबेल उसोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या पद्धतीचे नाव आहे 'आर्चिंबोल्डो'. हे नाव एका चित्रकाराचे आहे. जुझेप्पे आर्चिंबोल्डो हा सोळाव्या शतकातील मिलानचा चित्रकार. व्हिएन्ना आणि प्राग येथील सम्राटांच्या दरबारी तो होता. फळे, भाज्या, फुले, पुस्तके यांची अशी काही मांडणी तो करी की दुरून पाहता माणसाचा चेहरा दिसावा. सम्राट दुसरा रुडॉल्फ याचे चित्रही त्याने फळाभाज्यांतून साकारले. जवळून पाहावे तर पेअर, द्राक्षे, कणसे. लांबून पाहावे तर सम्राट!

उसोन यांची कल्पना अशी. संपूर्ण प्रथिन माहीत नसले तरी त्यातील लहान तुकडे आपल्याला माहीत असतात. लायनस पॉलिंग यांनी १९५१ मध्ये दाखविल्याप्रमाणे प्रथिनाची साखळी पुष्कळ ठिकाणी मळसूत्रासारखी वळते. या मळसूत्राचे माप सर्व प्रथिनांत जवळजवळ एकच असते : एका वळशात सरासरी ३.६ अमिनो आम्ले. म्हणजे अनोळखी प्रथिनातही असे मळसूत्र कोठे तरी असणार, हे धरून चालता येते. मग या मळसूत्राचा एक छोटासा तुकडा घ्यावा, तो स्फटिकात निरनिराळ्या जागी बसवून पाहावा, त्याच्या जोडीला दुसरा बसवावा, मग तिसरा. या मांडणीवरून जी अर्धवट, अंधूक कला मिळेल ती सुधारीत न्यावी. मांडणी खरी असेल तर नकाशा हळूहळू उजळत जातो आणि न घातलेले भागही त्यात दिसू लागतात. मांडणी खोटी असेल तर भाज्यांच्या भाज्याच राहतात, चेहरा उमटत नाही.

तुकडे बसविण्यासाठी केंब्रिज येथील रँडी रीड यांच्या गटाची 'फेझर' ही आज्ञावली, आणि नकाशा उजळण्यासाठी गटिंगेन येथील जॉर्ज शेल्ड्रिक यांची 'शेलेक्स-ई' ही आज्ञावली, अशी ही जोडी होती. या पद्धतीने २२२ अमिनो आम्लांच्या एका अनोळखी प्रथिनाची आकृती सुटली. नक्षीतील तपशील सुमारे २ अँगस्ट्रॉमपर्यंतचा होता. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. त्यापूर्वी नुसत्या ठिपक्यांवरून कला काढण्याच्या पद्धतीला साधारण १.२ अँगस्ट्रॉमपर्यंतचा, म्हणजे एकेक अणू सुटा दिसेल इतका बारीक तपशील लागत असे, आणि प्रथिनांचे स्फटिक तो क्वचितच देतात. हे लक्षात घेतले म्हणजे या यशाचे मोल कळते.

इर्जिक

आता संगणक-समूहाची गरज का पडते ते पाहू. एक साधा हिशेब करू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. पहिला तुकडा बसविण्याच्या १०० जागा संभवनीय वाटल्या. त्या प्रत्येकीसोबत दुसऱ्या तुकड्याच्या १०० जागा. झाल्या १०,००० मांडण्या. एक मांडणी तपासायला १० मिनिटे धरली तर १ लाख मिनिटे होतात, म्हणजे रात्रंदिवस चालणाऱ्या एका संगणकाला ६९ दिवस. तिसरा तुकडा घेतला तर हिशेब वर्षांवर जातो. परंतु या कामाचा एक मोठा गुण आहे. प्रत्येक मांडणीची तपासणी स्वतंत्र असते. एकीला दुसरीची वाट पाहावी लागत नाही. त्यामुळे तेच १०,००० तुकड्यांचे काम १०० संगणकांत वाटून दिले तर १७ तासांच्या आत संपते. संध्याकाळी लावावे, दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर बघावे.

आमच्याकडे याला इर्जिक म्हणतात. एकाच्या शेताची नांगरट अडली की गावातील शेतकरी आपापले नांगर-बैल घेऊन त्याच्या शेतात उतरतात, महिन्याचे काम दिवसात उरकतात आणि संध्याकाळी त्याच्या घरी जेवून जातात. आमच्या आजोबांनी अशा कितीतरी इर्जिकी पाहिल्या आहेत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८८ च्या सुमारास 'काँडोर' नावाची एक व्यवस्था तयार झाली, तिचे तत्त्व थेट हेच. विद्यापीठातील संगणक रात्री आणि सुट्टीत रिकामे बसलेले असतात. काँडोर त्यांना हेरते, त्यांच्यावर दुसऱ्याचे काम सोपविते आणि मालकाने कळफलकाला हात लावताच आपले काम उचलून दुसरीकडे नेते. बैल ज्याचा त्याचाच राहतो. फक्त मोकळ्या वेळात शेजाऱ्याचे शेत नांगरून येतो. आर्चिंबोल्डोची आकडेमोडही अशाच व्यवस्थेवर चालविली गेली.

अनेकांनी मिळून एक काम करण्याची ही कल्पना आपल्या राज्यालाही नवी नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये बनविलेला 'परम ८०००' हा महासंगणक अनेक लहान प्रक्रियक एकत्र जोडूनच उभा राहिला होता. भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातील. आणि इर्जिकीत माणसेही उतरू शकतात. 'फोल्डइट' या संगणकीय खेळातील खेळाडूंनी, ज्यांत बरेचजण शास्त्रज्ञ नव्हते, माकडांमधील एका विषाणूच्या प्रथिनाची प्रतिकृती सुमारे तीन आठवड्यांत तयार केली. तिच्या आधारे दहा वर्षांहून अधिक काळ अडलेली आकृती सुटली आणि २०११ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

घातले तेच दिसते

येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की संगणक भरपूर असले म्हणजे झाले. माझ्या मते या विषयातील सर्वांत मोलाची गोष्ट याच्या पुढे आहे.

कला ठिपक्यांत नसते, आपण बसविलेल्या तुकड्यांवरून ती काढतो, हे वर सांगितलेच आहे. त्यामुळे एक मोठा धोका उत्पन्न होतो. चुकीचा तुकडा बसविला तरी नकाशात तोच तुकडा दिसू लागतो! आपण घातले तेच आपल्याला दिसते आणि आपण म्हणतो, पाहा, माझा अंदाज खरा ठरला. आमच्या इतिहासाच्या तासाला साधनांविषयी शिकविताना प्राध्यापक नेमका हाच इशारा देतात. आधी मत ठरवून कागद वाचायला बसले की प्रत्येक कागद त्याच मताची साक्ष देऊ लागतो.

शास्त्रज्ञांनी यावर काही पहारे बसविले आहेत. पहिला पहारा म्हणजे, जे आपण घातले नाही ते दिसते का, हे पाहणे. आर्चिंबोल्डोत मळसूत्राचे दोन-तीन तुकडेच घातलेले असतात. उरलेली साखळी नकाशातून आपोआप उमटली तर ती फसवणूक असण्याचा संभव फार कमी. दुसरा पहारा अ‍ॅक्सेल ब्रुंगर यांनी १९९२ मध्ये सुचविला. ठिपक्यांपैकी थोडे, शंभरात पाच ते दहा, आधीच बाजूला काढून ठेवायचे. आकृती सुधारताना त्यांना हात लावायचा नाही. शेवटी त्यांच्याशी आकृती जुळते का ते पाहायचे. सरावात सोडविलेलेच प्रश्न परीक्षेत आले तर गुण भरपूर पडतात, पण विषय समजला की नाही हे कळत नाही. न पाहिलेला प्रश्न सुटला तरच समजले म्हणायचे. तिसरा पहारा आपल्या देशातला आहे. मद्रास येथे जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये एक आलेख प्रसिद्ध केला. प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या कोनांत अणू एकमेकांवर आदळतील, हे तो आलेख सांगतो. आजही जगात कोठेही नवी आकृती मिळाली की ती रामचंद्रन आलेखावर ताडून पाहतात.

पहारे असूनही चुका होतात. २००६ मध्ये अमेरिकेतील एका नामांकित गटाला आपले पाच शोधनिबंध मागे घ्यावे लागले. त्यांनी वापरलेल्या एका आज्ञावलीत चिन्हाची उलटापालट झाली होती. संगणकाने हजारो बेरजा अचूक केल्या, परंतु आकृती उलटी आली. संगणक खोट्या गृहीताचीही तितक्याच इमानाने सेवा करतो.

आज काय?

गेल्या काही वर्षांत हे चित्र पुष्कळ बदलले. उसोन यांच्याच गटाने २०१५ मध्ये अशी आवृत्ती दिली, की जी सोप्या प्रकरणांत एकाच चांगल्या संगणकावर चालते. २०२० मध्ये 'अल्फाफोल्ड' या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने अमिनो आम्लांच्या क्रमावरूनच आकृतीचा अंदाज बांधण्यात मोठी मजल मारली आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाले. आता नातेवाईक नसलेल्या प्रथिनालाही यंत्राने कल्पिलेला नातेवाईक मिळू लागला आहे. परंतु दोन गोष्टी विसरता येत नाहीत. एक, ही यंत्रबुद्धी शिकली ती त्याच जागतिक पेढीतील आकृत्यांवर, ज्या पेरुट्झ आणि हॉजकिन यांच्यासारख्यांनी व त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी एकेक करून मिळविल्या. दुसरी, अंदाज कितीही देखणा असला तरी त्याची परीक्षा ठिपक्यांपुढेच व्हायची. किंबहुना अंदाज जितका देखणा, तितका घातले तेच दिसण्याचा मोह अधिक.

या सर्व वाचनातून मला एक गोष्ट उमगली. आपण समजतो की शास्त्रज्ञ अंदाज करीत नाही आणि साहित्य-इतिहासवाले नुसते अंदाजच करतात. वस्तुस्थिती तशी नाही. हजार अंदाज करण्याची मुभा सर्वांनाच आहे. मात्र त्यातील नऊशे नव्व्याण्णव निर्दयपणे टाकून देण्याची तयारी हवी आणि उरलेल्या एकाला, ज्याच्यावरून तो बांधला नाही अशा पुराव्यापुढे उभे करण्याची हिंमत हवी. संगणक-समूह पहिले काम झपाट्याने करून देतो. दुसरे काम प्रामाणिकपणाचे आहे आणि ते आपले आपल्यालाच करावे लागते. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. ते आपल्या महाविद्यालयातही, प्रत्येक निबंधात आणि प्रत्येक वादविवादात, करता येण्यासारखे आहे.